आयला नावाचं बेट

इंग्रजी स्पेलिंग वाचून कुणीही 'इस्ले' म्हणेल. मीही म्हटलं. भाचा म्हणाला, "मावशी, आयला."

"शिवी कशाला देतोस? चुकलं असेल तर नीट सांग."

तर ते नीटच होतं. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या बेटाचा उच्चार खरोखर आयला असाच आहे. पुढचे पाच दिवस मी तो वेगवेगळ्या सुरांत आणि अगदी मनापासून केला.

आधी थोडं माझ्याबद्दल. माझं वय चौपन्न, माहेर रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचं, सासर पुण्याचं. नवरा सोलकढीच्या पुढे गेलेला नाही. दोन वर्षांपूर्वी ग्लासगोत नोकरी करणारा हा भाचा याच बेटावरच्या लाफ्रॉयग व्हिस्कीची बाटली घेऊन आला आणि मला घोटभर दिली. ग्लास नाकाशी नेला आणि मी थेट माहेरच्या पडवीत पोचले. वाळत घातलेली ओली जाळी, कपाटातली टिंक्चर आयोडीनची बाटली, न्हाणीच्या चुलाण्यातला धूर! चव आवडली असं काही म्हणणार नाही. पण झोपण्याआधी मी तो रिकामा ग्लास पुन्हा हुंगला, आणि ते भाच्याने पाहिलं. "तुला एकदा तिकडे न्यायला हवं," म्हणाला. गेल्या ऑक्टोबरात नेलं.

दिवस पहिला: ग्लासगो ते पोर्ट एलन

ग्लासगोहून केनाक्रेगच्या धक्क्यापर्यंत गाडीने तीन तास. लॉख लोमंड हे सरोवर ओलांडलं की डोंगर सुरू होतात, आणि घाटमाथ्यावर एक जागा लागते तिचं नावच 'विसावा घ्या नि आभार माना' अशा अर्थाचं आहे. रस्ता बांधणाऱ्या सैनिकांनी अठराव्या शतकात तिथल्या दगडावर ते कोरलं होतं. आपण बोरघाटात शिंग्रोबाला नाणं टाकतो, त्यांनी दगडाला वाक्य दिलं. पाऊस होता, पण आमच्या मानाने तो पाऊस नव्हेच. आषाढ पाहिलेल्या माणसाला हे शिंतोडे वाटतात. दोन तासांनी कळतं की आतपर्यंत भिजलोय.

तिथून बेटावरच्या पोर्ट एलनपर्यंत फेरीबोटीला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. बेट जवळ आलं तसा भाच्याने मला डेकवर ओढून नेलं. किनाऱ्याला लागून व्हिस्कीच्या भट्ट्यांच्या पांढऱ्या भिंतींच्या इमारती आणि त्यांवर पुरुषभर उंचीची काळी अक्षरं: आर्डबेग, लागावूलिन, लाफ्रॉयग. रस्त्याकडून नीट दिसत नाहीत, समुद्रातून मैलभरावरून वाचता येतात. पूर्वी धान्य, कोळसा, पिंपं सगळं बोटीनेच यायचं-जायचं, म्हणून पाटीही समुद्राकडे तोंड करून.

पोर्ट एलनला उतरल्यावर मी थांबलेच. सगळ्या गावाला तोच वास! बेटावरच्या बऱ्याच भट्ट्यांना माल्ट, म्हणजे व्हिस्कीसाठी तयार केलेलं धान्य, पुरवणारा मोठा कारखाना गावातच आहे आणि त्या संध्याकाळी धुराडं चालू होतं.

*गाडी नेणार असाल तर:* फेरीत गाडीची जागा आधी घ्यावी लागते. मे महिन्याच्या शेवटी इथे संगीत आणि व्हिस्कीचा उत्सव भरतो, तेव्हा तर कित्येक महिने आधी. बरेच रस्ते एकाच गाडीपुरते रुंद आहेत, समोरून गाडी आली की बाजूच्या खाचेत थांबायचं. आणि समोरचा हात करतो. प्रत्येक जण. पहिल्या दिवशी मला वाटलं भाच्याच्या ओळखी फार.

दिवस दुसरा: नाचणी, शेणी आणि सातबारा

हा दिवस लांबवर सांगणार आहे, आधीच माफी मागते.

सकाळी दहाला लाफ्रॉयग. 1815 सालची भट्टी. बहुतेक भट्ट्या आता तयार माल्ट विकत घेतात, पण इथे अजून थोडा भाग जुन्या पद्धतीने स्वतः करतात, आणि ते बघायला मिळतं. लांबलचक, ठेंगण्या छताची खोली, खाली सिमेंटची जमीन, आणि तीवर वीतभर जाडीचा बार्लीचा थर पसरलेला. बार्ली म्हणजे आपलं सातूच्या जातीचं धान्य. मी खाली बसून मूठभर उचललं. दाणा ओलसर, कोमट, आणि टोकाला पांढरी बारीक मुळं फुटलेली.

अहो, हे मोड आलेलं धान्य आहे! नाचणीसत्त्वासाठी आई करते तेच. भिजत घालायचं, उपसून फडक्यात बांधायचं, मोड आले की वाळवायचं, दळायचं. लहानपणी त्या बोचक्यात हात घालून ऊब बघायचं काम माझं होतं.

मार्गदर्शक तरुण मुलगी होती, बेटावरचीच. लाकडी फावडं हातात घेऊन तिने विचारलं, हे रात्रंदिवस उलथत का राहावं लागत असेल, कुणी सांगेल का? आमच्या घोळक्यात तीन जर्मन, एक जपानी जोडपं, दोन दाढीवाले अमेरिकन. सगळे गप्प. मी म्हटलं, "मुळं एकमेकांत गुंततात, गोळा होतो. शिवाय आतून तापतं आणि आंबूस वास सुटतो." ती म्हणाली, तुमच्याकडे कोणती डिस्टिलरी आहे? भाच्याने खुलासा केला की आमच्या आजीचं स्वयंपाकघर.

मोड का आणायचे, हेही तिने छान सांगितलं. कोरड्या दाण्यात पिठूळ साठा असतो. रोप उगवायच्या तयारीला लागलं की दाणा आतल्या आत अशी द्रव्यं तयार करतो जी त्या पिठाची साखर करतात. ही तयारी झाली की धान्याला फसवायचं आणि वाळवून वाढ थांबवायची. पुढे गरम पाण्यात साखर उतरते, यीस्ट ती खाऊन दारू करतं. मोड आलेली नाचणी गोड का लागते हे मला चौपन्नाव्या वर्षी, स्कॉटलंडात कळलं.

आणि वाळवायचं कशावर? इथे गोष्टीत पीट येतं. बेटावर झाडं फार कमी. माळावर शेवाळ आणि हेदरची झुडपं हजारो वर्षं पाण्यात दबून जी काळी, चिकट माती होते ते पीट. वसंतात लांब पात्याच्या कुदळीने त्याच्या विटा कापतात, उन्हाळाभर वाऱ्यावर वाळवतात, मग रचून ठेवतात. रस्त्याकडेला तो ढीग पाहून मी "अरे, हा तर शेणींचा हुडवा!" म्हणाले ते उगीच नाही. भट्टीत हे पीट धुमसवत ठेवतात, जाळ होऊ देत नाहीत, आणि वर जाळीच्या जमिनीवर पसरलेल्या ओल्या माल्टला तो धूर धरतो. दाणे वाळले की मग धूर तितका मुरत नाही, म्हणून सगळी करामत ओलेपणी. मुलीने आम्हाला चार-चार दाणे चघळायला दिले. आधी कुरकुरीत, मग गोड, आणि गिळल्यावर घशात चूल. माझ्या समजुतीत तोवर धूर पिंपातून यायचा. तो इथून येतो, दाण्यातून, आणि शेवटपर्यंत टिकतो.

तांब्याची पात्रं (हंसासारख्या मानेची) मात्र मला नवी नव्हती. दोनदा ऊर्ध्वपातन करतात. पहिल्या धारेत हलकी निघते, दुसऱ्यात कडक. म्हणजे हुर्राक आणि फेणी. दुसऱ्या धारेतलं सुरुवातीचं आणि शेवटचं बाजूला काढून फक्त मधलं ठेवायचं, हे सगळं काचेच्या कपाटाआड, आणि कपाटाला कुलूप. कर चुकवू नये म्हणून ही कुलपं आली.

भिंतीवर एका बाईंचा फोटो होता: बेसी विल्यमसन. 1934 साली उन्हाळ्यापुरती टायपिस्ट म्हणून आली, आणि 1954 साली ही भट्टी तिच्या मालकीची झाली. 1972पर्यंत इथेच होती. मालकाने मरताना कारखाना नात्यातल्या पुरुषाला न देता काम येणाऱ्या बाईला दिला. मी त्या फोटोसमोर जरा जास्तच वेळ उभी राहिले. भाचा घड्याळ दाखवत होता.

आता सातबारा. लाफ्रॉयगची बाटली घेऊन नाव नोंदवलं की समोरच्या रानातला एक चौरस फूट तुम्हाला कायमच्या भाडेपट्ट्याने मिळतो. 1994पासून ही गंमत चालू आहे. भाड्यापोटी भट्टी तुम्हाला दरवर्षी एक घोट देणं लागते, पण वसूल करायला स्वतः यावं लागतं. भाच्याने काउंटरवर नाव सांगितलं, छोटी बाटली घेतली, झेंडा घेतला, आणि आम्ही गमबूट घालून चिखलात त्याची जमीन शोधत फिरलो. कोकणात कूळकायद्यात आमची तीन एकर गेली, तेव्हापासून खंड हा शब्द घरात कुणी काढत नाही. आणि इथे हा पोरगा एका चौरस फुटाचा खंड वसूल करतोय! मी त्याला विचारलं, "जमीन कोण कसतं?" तो म्हणाला, "मेंढ्या."

दुपारी लागावूलिनला चालत गेलो. पोर्ट एलनपासून तिन्ही भट्ट्यांना जोडणारी पायवाट आहे, टोकापर्यंत तीन मैल, अगदी सपाट. आमचं गोदामातलं चाखणं ठरलेलं होतं. काउंटरवरच्या बाईने यादी पाहिली, परत पाहिली, आणि अतिशय हळू आवाजात सांगितलं की तुमची जागा पक्की आहे, पण पुढच्या महिन्यात. भाच्याने महिना चुकवला होता. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. गोदामात जागा नव्हतीच, पण त्या बाईने आम्हाला शेकोटीपाशी बसवलं आणि मला सोळा वर्षांची लागावूलिन दिली. लाफ्रॉयगमध्ये दवाखाना पुढे असतो, इथे तो मागे जातो. पुढे येतो तो शेकोटी विझल्यावर शालीला उरतो तसा धूर, आणि मनुका. मला वाटतं चूक फायद्याचीच झाली.

आर्डबेगला जुन्या भट्टीतल्या कॅफेत सूप प्यायलो. इतकी गर्दी, इतके टी-शर्ट, आणि हीच जागा 1981 साली बंद पडली होती. त्या दशकात व्हिस्कीचे साठे पडून राहिले, कुणाला धुरकट माल नको होता. पोर्ट एलनची भट्टी 1983 साली बंद झाली ती 2024 साली पुन्हा पेटली. चाळीस वर्षं.

*चालकाची सोय:* स्कॉटलंडमध्ये गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 100 मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम आहे, इंग्लंडपेक्षा कमी. म्हणून भट्ट्यांमध्ये चालकाचा वाटा छोट्या कुपीत भरून देतात. मागून घ्या, लाजू नका. आणि नाव लगेच लिहा. बॉलपेनने, शाईने नव्हे. हे का, ते शेवटी.

रात्री आईला व्हिडिओ कॉल करून मोडांचे फोटो दाखवले. तिने चष्मा चढवून निरखलं. "मोड फार लांब झालेत म्हणावं. सत्त्व निघून जातं." सकाळी त्या मुलीनेही हेच सांगितलं होतं: कोंब फार वाढू दिला तर साखर रोपच खाऊन टाकतं.

दिवस तिसरा: बोमोर, कालवं आणि बिनधुराची

बोमोर गावाच्या माथ्यावर गोल चर्च आहे, 1767 सालचं. सैतानाला लपायला कोपरा मिळू नये म्हणून गोल, असं सांगतात. उताराच्या दुसऱ्या टोकाला भट्टी, 1779ची, बेटावरची सर्वांत जुनी. मधल्या रस्त्यावर बाकी गाव. त्या गावाचा पोहण्याचा तलाव भट्टीच्या जुन्या गोदामात आहे आणि त्याचं पाणी भट्टीतल्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर तापतं. आत शाळेची पोरं धपाधप उड्या मारत होती, क्लोरीनमध्ये मिसळलेला माल्टचा वास. मला पिंपांपेक्षा हे जास्त आवडलं.

पिंपांबद्दल दोनच गोष्टी. एक, स्कॉच म्हणवून घ्यायला स्कॉटलंडात ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं काढावी लागतात, आणि सिंगल माल्ट म्हणजे एकाच भट्टीतलं, फक्त माल्ट केलेल्या बार्लीचं. दुसरी, पिंपातून दरवर्षी साधारण 2 टक्के उडून जातं. त्याला इथे देवदूतांचा वाटा म्हणतात. मी मार्गदर्शकाला म्हटलं, आमच्या शेजारी गोव्यातही सिंगल माल्ट होते, कुंकळ्ळीला. त्याला पॉल जॉन ठाऊक होती! तिकडच्या उष्म्यात हा वाटा कितीतरी मोठा, म्हणून मालही लवकर मुरतो. "तुमचे देवदूत तहानलेले," तो म्हणाला. मी म्हटलं, कोकणातले म्हणा.

दुपारी बंदराजवळच्या हॉटेलात कालवं मागवली. लॉख ग्रुनार्टच्या खाडीत त्यांची शेती होते. ताटात बर्फ, बर्फावर उघडे शिंपले, आणि सोबत बोमोरचा छोटा ग्लास. शिंपल्यात चार थेंब टाकायचे, कालव गिळायचं, मग शिंपल्यात उरलेलं खारं पाणी प्यायचं. आमच्या खडपांवर आत्या कोयतीने कालवं फोडायच्या आणि एखादं कच्चंच तोंडात टाकायच्या, तशी मी टाकली. भाच्याने डोळे मिटून एक गिळलं आणि पाव मागवला.

संध्याकाळी त्याच खाडीकाठी गेलो तर आकाशभर काळ्यापांढऱ्या हंसबदकांचे थवे. ग्रीनलंडहून हिवाळा काढायला ऑक्टोबरात येतात, हजारोंनी. कलकलाट एवढा, की एकमेकांशी बोलता येईना. शेतकऱ्यांना त्यांचा त्रास, कारण ते गवत चरतात, आणि आमच्या शेजारी उभा असलेला एक म्हातारा शेतकरी त्यांना शिव्या घालत, दुर्बीण न खाली ठेवता, वीस मिनिटं बघत होता.

परतताना बुन्नाहावन. इथली नेहमीची व्हिस्की बिनधुराची. बारा वर्षांची घेतली. सुकामेवा, थोडं मीठ, खव्यासारखं काहीतरी. आयलाची म्हणजे धुराचीच, हे मी तीन दिवस घोकत होते, ते इथे मोडलं.

*पाणी घालावं का?* घाला. चमच्याने, थेंब-थेंब. कडक असेल तर नाक बधिर होतं, थोड्या पाण्याने वास उमलतो. इथे कुणीही त्यावर नाक मुरडलं नाही. नाक मुरडणारे मला पुण्यातच भेटले. दोन ग्लासांच्या मध्ये स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, नाक जागेवर येतं.

दिवस चौथा: वारा

आज परतायचं होतं. पहाटे फोनवर निरोप आला, वाऱ्यामुळे फेरी रद्द. यजमानीण बाईंनी पडदा सरकवून समुद्राकडे एकदा पाहिलं आणि न विचारताच आमचे दोन जादा टोस्ट टाकले. हे त्यांना नवं नव्हतं.

मग किलहोमन. 2005 साली सुरू झालेली, शेतातली भट्टी. समोरच्या वावरात बार्ली पिकते, इथेच मोड आणतात, इथेच गाळतात, इथेच भरतात. शेतकऱ्याच्या मुलीला हे सगळ्यात पटलं. बाहेर वारा दार उघडू देईना. आत कॅफेत धुरी दिलेल्या हॅडॉक माशाचं, बटाट्याचं आणि दुधाचं दाट सूप मिळतं, कलन स्किंक. मासे आणि दूध एकत्र म्हटल्यावर आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला, पण मी दोन वाट्या प्यायले.

जवळच माखिर बेची पुळण. वाळूवर उभं राहवत नव्हतं. समोर अटलांटिक, मध्ये काही नाही.

रात्री यजमानीण बाईंनी चुलीत पीटच्या दोन विटा टाकल्या. त्यांच्या लहानपणी शाळेला सुट्टी लागली की सगळ्या घराला पीट उलटायला माळावर जावं लागे, वर बारीक डासांचे ढग. "लोक आता या वासाचे पैसे देतात," त्या म्हणाल्या, "आम्ही शाळेत जाताना कपड्यांना येतो म्हणून लाजायचो." मी त्यांना सांगितलं की आमच्या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो, आणि कायद्याच्या भाषेत तो आरोग्याच्या रक्षणासाठी असतो. त्यांना खोटंच वाटलं. मग त्यांनीच सांगितलं की अमेरिकेत दारूबंदी असताना लाफ्रॉयग औषध म्हणून खपायची, असं बेटावर बोललं जातं. वासावर कोण संशय घेणार?

दिवस पाचवा: परत

फेरी सुटली. डेकवरून अक्षरं उलट्या क्रमाने वाचली.

*बाटल्या:* भारतात परतताना माणशी 2 लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते. भट्टीतच मिळणाऱ्या खास बाटल्या तिथे घ्या, बाकीच्या विमानतळावर. मी एक बुन्नाहावन घेतली आणि एक किलहोमन. लाफ्रॉयग घेतली नाही, ती भाचा दरवर्षी आणतोच.

ग्लासगोला पोचल्यावर भाच्याने गाडीची किल्ली खुंटीला लावली आणि खिशांतून चालकाच्या कुप्या काढून ओट्यावर मांडल्या. सहा. पाच दिवस बिचारा नुसता वास घेत फिरला होता. पण कालवांच्या त्या दुपारी कोट खाऱ्या पाण्यात भिजला होता, आणि शाईने लिहिलेली नावं सगळी पुसलेली. कुप्यांवर निळे डाग.

"मावशी, आता तूच सांग कुठली कुठली."

पहिली मी ओळखली. बुन्नाहावन, धूर नाही, सोपं होतं. दुसरीला मी छातीठोक लाफ्रॉयग म्हटलं, त्याने आर्डबेग. तिसरीला मी लागावूलिन, तो बोमोर. मनगटं हुंगून झाली, पाणी घालून झालं, वाद घालून झाला. चौथ्या कुपीला दोघांचं एकमत झालं, तेव्हा त्याला आठवलं की ती भट्टीतली नव्हेच. यजमानीण बाईंनी सर्दीवर दिलेलं काहीतरी होतं ते.